‘राजाचे नवे कपडे’चा म्युझिकल करताय ना, मग शेवटचं वाक्य कुणालाही गाऊ देऊ नका

ताई, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. कॉलनीतले वीस-बावीस पोट्टे, चार हौशी आईबाबा, एक बऱ्यापैकी फोन आणि उन्हाळ्याची सुट्टी, एवढ्या भांडवलावर तुम्हाला ‘राजाचे नवे कपडे’चा ४० मिनिटांचा, गाणीबिणी असलेला विनोदी सिनेमा करायचाय आणि गणपतीत पडदा लावून सगळ्यांना दाखवायचाय. त्यासाठी पोरांना याच गोष्टीवरचा एक जुना इंग्रजी म्युझिकल दाखवला तर पहिली वीस मिनिटं खिदळले, आणि नंतर गाणं लागलं की एकेक जण पाणी प्यायला उठायला लागला. तर गाणी ठेवायची की काढायची, आणि राजाला उघडा दाखवायचा तरी कसा, सोबत आजीआजोबा बसणार आहेत.

मी नागपुरात चोवीस वर्षं बालनाट्यं बसवून राहिलो, चाली पण मीच लावतो, आणि ही गोष्ट स्टेजवर तीनदा आणि कॅमेऱ्यासमोर एकदा केली आहे, त्यातल्या दोनदा चुकलो आहे, म्हणून जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

गाणी ठेवा. पोरं गाणं लागलं म्हणून नाही उठत, गाणं लागल्यावर गोष्ट थांबते म्हणून उठतात. आपल्याला हा रोग जुनाच आहे, १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल रंगभूमीवर आणलं तेव्हापासून आपण गाण्यासाठी नाटकाला जाणारे लोक, वन्स मोअर घेऊन घेऊन मेलेला माणूस पण उठून परत गायचा म्हणतात, पण तो प्रेक्षक मुळात गाणं ऐकायलाच आलेला असायचा. नऊ वर्षांचं लेकरू पुढे काय होते ते बघायला आलेलं असते. म्हणून माझी साधी परीक्षा आहे, स्क्रिप्टमधून एक गाणं उपटून बाजूला ठेवा आणि गोष्ट वाचा, काहीच अडलं नाही तर ते गाणं कितीही गोड असो, गेलं. माझी स्वतःची सात-आठ गाणी अशी वहीतच मेली, वाईट वाटते पण ठीक आहे.

आता या गोष्टीची खरी अडचण. ती फार छोटी आहे हो, ठग रिकाम्या मागावर न दिसणारं कापड विणल्याचं नाटक करतात, सगळे घाबरून ‘दिसते’ म्हणतात, आणि उघड्या मिरवणाऱ्या राजाला शेवटी एक पोरगं खरं सांगते, संपली. डेन्मार्कच्या हान्स अँडरसन नावाच्या लेखकाने १८३७ मध्ये छापली तेव्हाच ती जेमतेम काही पानांची होती, आणि १९५२ च्या अँडरसनवरच्याच हॉलिवूडपटात डॅनी के नावाच्या नटाने ही सगळी गोष्ट एका गाण्यात सांगून टाकली आहे, अख्खी, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. मग ४० मिनिटं कशाने भरणार? इथे सगळे जण एकच चूक करतात, नवीन घटना घुसवतात. राजकन्येचं लग्न, शेजारचा दुष्ट राजा, बोलणारं माकड. मी पण पहिल्यांदा माकड घातलं होतं. करू नका. ही गोष्ट घटनांची नाहीच, ही भीतीची गोष्ट आहे, आणि भीती जितकी माणसं तितक्या प्रकारची निघते, तिथे तुमची ४० मिनिटं आरामात भरतात.

हे मला कळलं ते गोष्टीची जुनी रूपं वाचताना. आपल्याकडे जैन कथांमध्ये ही आहे, जिनेश्वर नावाच्या मुनींनी १०५२ मध्ये लिहिलेला मूळ ग्रंथ हरवला पण त्याचं सार १२८३ मध्ये जिनरत्नांनी केलं ते टिकलं, त्यात हस्तिनापूरचा धन नावाचा लबाड व्यापारी श्रावस्तीच्या राजाला असं वस्त्र देतो की जे औरस नसलेल्या, म्हणजे लग्नाबाहेर जन्मलेल्या माणसाला दिसत नाही. राजा मिरवत निघतो आणि गावातले लोक काय विचारतात माहितीये, महाराजांनी नग्न साधूची दीक्षा घेतली काय! मला हा जोक अँडरसनपेक्षाही भारी वाटतो, कारण विचारणाऱ्याला टोमणा मारायचाच नाहीये, तो बिचारा खरंच विचारून राहिला. मग १३३५ च्या स्पेनमधल्या कथासंग्रहात पण हाच मामला, तीन ठग आणि तीच जन्माची भानगड. अँडरसनने ती स्पॅनिश गोष्ट जर्मन भाषांतरात वाचली आणि मुलांसाठी लिहिताना भीती बदलली, जो आपल्या पदाला लायक नाही किंवा जो ढ आहे त्याला कापड दिसणार नाही. बस, एवढा एक बदल, आणि गोष्ट घराघरात बसवता येईल अशी झाली. ढ ठरण्याची भीती तुमच्या तिसरीतल्या पोराला पण आहे आणि त्याच्या बाबाला ऑफिसात पण आहे.

म्हणून लिहायला बसाल तेव्हा आधी संवाद नका लिहू, प्रत्येक पात्रासमोर एक ओळ लिहा, हा कशाला भितो. म्हातारा प्रधान भितो की आता कापड दिसलं नाही म्हटलं तर रिटायर करतील. कोतवाल भितो की बायकोला कळेल मी पाचवी नापास आहे. राणी भितो म्हणजे भिते की माहेरचे हसतील. दरबारातला गवई भितो की त्याला तसंही काही येत नाही हे उघडं पडेल (हे पात्र माझ्याकडे नेहमी असतेच, करणाऱ्याला अभिनय करावा लागत नाही असं आमच्यात म्हणतात). या ओळी पोरांकडून काढून घ्या, एक दुपार गोल बसवा आणि विचारा की कोणती गोष्ट येत नसताना ‘येते’ म्हणून सांगितली, तुम्हाला जे मिळेल ते मी लिहून देऊ शकत नाही.

आणि आता मुख्य मुद्दा, टायटलमध्ये लिहिला आहे तो. आमच्या दुसऱ्या प्रयोगात शेवटी छोटा मुलगा एक अख्खं गाणं म्हणायचा, दोन कडवी, ‘खरं बोला’ वगैरे, चाल माझीच, मला फार आवडायची. हॉलमध्ये त्या वेळी दरवेळी खुर्च्या वाजायला लागायच्या, लोक चपला शोधायचे. एका प्रयोगाला ट्रॅक अडकला. पेनड्राइव्ह गेला की काय झालं देव जाणे, राजा येऊन उभा, पोरगा उभा, म्युझिक नाही. पाच-सात सेकंद अशी शांतता की मागे माझे हात गार पडले. पोट्ट्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि गाण्याची वाट बघून कंटाळून साध्या आवाजात म्हणाला, ‘पण याने तं काहीच नाही घातलं.’ बापरे. हॉल असा फुटला की पुढची दोन मिनिटं कुणाला काही ऐकू आलं नाही. घरी येऊन मी ते गाणं फाडलं.

तेव्हापासून माझा नियम, या गोष्टीत जो खोटं बोलतो तो गातो, आणि खरं फक्त बोललं जाते. संपूर्ण सिनेमात. ठग गातात, प्रधान आत येईपर्यंत साधा बोलत असतो आणि रिकामा माग बघून घाबरला की सुरात येतो, कोतवाल तसाच, राजा तसाच. ज्या क्षणी माणूस पहिलं खोटं बोलतो त्या क्षणी पेटी सुरू. पोरांना हे सांगायची गरज पडत नाही, दुसऱ्या वेळेपर्यंत त्यांना आपोआप कळते, आणि तिसऱ्या वेळी राजाने तोंड उघडायच्या आधी नुसता सा वाजला तरी खालून ‘आता गाते बघ’ असं ऐकू येते. गाणं लागल्यावर पाणी प्यायला उठणारं पोरगं तेव्हा गाण्याची वाट बघत असते.

तीन भेटी आहेत ना मागाला, प्रधान, मग दुसरा अधिकारी, मग राजा, या तिन्हींना एकच चाल ठेवा पण कपडे बदला. प्रधानाला भजनासारखी, टाळ घेऊन, पूर्ण दोन कडवी. कोतवालाला पोवाडा, डफ आणि जीजी रं जी, एकच कडवं. राजाला मात्र एकदम नाट्यगीत, पण फक्त एक ओळ आणि मग तान, लांबच लांब तान, कारण त्याच्याकडे सांगायला शब्दच नाहीत, काय दिसून राहिलं ते त्याला माहितीच नाही. लोक उलटं करतात, राजा मोठा म्हणून त्याला मोठं गाणं. तिसऱ्या वेळी जोक छोटाच लागतो.

ठगांबद्दल. अँडरसनच्या गोष्टीत ठग स्वतःच रंग सांगतात, नक्षी सांगतात, आणि प्रधान ते पाठ करून राजाला जाऊन ऐकवतो. मी बदलतो, माझे ठग कापडाचं वर्णन एकदाही करत नाहीत, फक्त विचारतात, ‘किनार जरा जास्त झाली का साहेब?’ आणि साहेब स्वतःच जांभळा रंग, मोर, वेलबुट्टी सगळं बोलून बसतात. मग कोतवाल येऊन मोराच्या जागी हत्ती सांगतो, आणि राजासमोर दोघं शेजारी उभे, मोर की हत्ती, दोघांनाही घाम. हा सीन तुमच्या बाबा लोकांना द्या, इम्प्रोवाइज करू द्या, लिहू नका.

मागाचा आवाज मात्र खरा पाहिजे. यूट्यूबवरून इफेक्ट नका उचलू, आपण नागपूरचे आहोत, गोळीबार चौक, तांडापेठ भागात विणकरांची घरं आहेत, ओळख काढून, विचारून जा आणि फोनवर रेकॉर्ड करून आणा. सूत लावलेल्या मागाचा ठोका दबका असतो, कापडात बसतो, रिकाम्याचा लाकडावर लाकूड असा कोरडा खट्ट, आणि तुमच्या सगळ्या गाण्यांचा ताल त्या कोरड्या खट्टवरच उभा करता येते. एक विनंती मात्र आहे. ठगांना ‘विणकर’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका, ज्या गावात लोकांची पोटं मागावर चालली त्या गावात ते बरं नाही दिसत. मी एक खरी विणकर बाई घालतो, दोन मिनिटांचं काम, ती झाडायला म्हणून आत येते, मागाकडे बघते आणि म्हणते, ‘ताणाच नाही लावला तं बाणा कुठी भरता?’ (ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे) आणि शिपाई तिला हाकलून देतात. ती गात नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

अजून एक नागपुरी गंमत फुकटात देतो. मूळ गोष्टीत राजाकडे दिवसाच्या प्रत्येक तासाला वेगळा पोशाख असतो. आपल्याकडे जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, त्याच दिवशी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं होतं, नाव त्यावरूनच. म्हणजे सम्राट आणि कापड आपल्या गावात एकाच पाटीवर होते! तर राजाच्या महालाला गिरणीचा भोंगा द्या. भोंगा वाजला की दरबार जिथल्या तिथे थांबतो, राजा पडद्याआड जातो, नवीन कोट घालून येतो. चर्चा युद्धाची असली तरी. पहिल्या पाच मिनिटांत तीनदा करा, एकही शब्द न बोलता राजा कळून जातो. आणि राजाचं काम एखाद्या गंभीर, टापटीप बाबांना द्या, कॉलनीतल्या विनोदी काकांना नका देऊ. राजा विनोद करत नसतो, त्याला खरंच टेन्शन आलेलं असते. काका लोकांना गवई करा.

टेक्निकल पटापट सांगतो. गाणी आधी रेकॉर्ड करा, शूटिंगच्या वेळी स्पीकरवर वाजवून तोंड हलवायचं, गाण्याआधी चार टिकटिक टाका म्हणजे सगळे एकदम उचलतात. चाल लावताना स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी धरू नका, पोरांचा आवाज साधारण एका सप्तकात सुखाने फिरतो, तार सा च्या वर नेलं की किंचाळतात आणि फार खाली नेलं की पुटपुटतात, जो सगळ्यात भित्रा आहे त्याच्याकडून गाऊन घेऊन पट्टी ठरवा. रेकॉर्डिंग घरातच होते, एका खोलीत तिन्ही बाजूंनी कापसाच्या गाद्या उभ्या करा, घुमणं जाते. पण कूलर बंद! हे मी ओरडून सांगतो कारण एप्रिल-मेमध्ये आपण कूलरचा आवाज ऐकूच येत नाही इतके सरावलेलो असतो आणि घरी येऊन हेडफोन लावला की सगळ्या गाण्यामागे घुर्रर्र. मग पहाटे पाच-साडेपाचला रेकॉर्ड करा, कोकिळा आली तर येऊ द्या. शूटिंग पण सकाळी सहा ते साडेनऊ, त्यानंतर ४५ डिग्रीत राजाला जरीचा कोट घालून उभा करणं म्हणजे पाप आहे, आणि घाई नाही, आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटीच उघडतात. फोनमध्ये फ्रेम रेट ३० असतो तो २५ करा आणि शटर पन्नासावर (१/५० सेकंद) लॉक करा, नाहीतर ट्यूबलाइटमध्ये चित्रावर पट्टे फिरतात.

गाण्यांसाठी सिनेमाच्या प्रसिद्ध चाली उचलून शब्द बदलू नका, अपलोड केलं की म्यूट होते आणि पोरं रडतात. अँडरसन १८७५ मध्ये गेला, गोष्ट सगळ्यांची आहे, पण एखाद्याने केलेलं मराठी भाषांतर किंवा त्या इंग्रजी सिनेमातले संवाद तुमचे नाहीत. स्वतः लिहा, पोरांचे शब्द तसेही बरे असतात.

आता उघड्या राजाचं. स्टेजवर माझी पंचाईत व्हायची कारण राजा आला की आला, लपवणार कुठे. सिनेमात तुमच्या हातात चौकट आहे. कपडे चढवतात तो सीन पूर्ण राजाच्या चेहऱ्यावर घ्या, फक्त ठगांचे हात आत-बाहेर, आणि आरशात बघताना तो थोडासा कुडकुडतो. मिरवणुकीत छत्रीखालून खांद्यापर्यंत, कधी मागून गर्दीच्या डोक्यांमधून, कधी नुसते अनवाणी पाय, आणि मुख्य म्हणजे लोकांचे चेहरे. खाली काय आहे ते पोराने बोलेपर्यंत प्रेक्षकाला दाखवायचंच नाही. तो बोलला की कट, पूर्ण उंचीचा राजा, बंडी आणि पट्ट्यापट्ट्यांची नाड्याची चड्डी, गुडघ्यापर्यंत लोंबणारा नाडा. आजीआजोबा सगळ्यात जास्त हसतील, माझी गॅरंटी. आणि तुम्ही विचारलं होतं तसं मागावर किंवा कपड्याच्या जागी चमचम इफेक्ट अजिबात टाकू नका, बघणाऱ्या पोराला पहिल्यापासून स्वच्छ दिसलं पाहिजे की काही नाहीये, मोठ्यांच्या आधी आपल्याला कळलं यातच त्याचा सगळा आनंद आहे.

मिरवणुकीसाठी मारबत बघितली आहे ना तुम्ही, ‘इडापिडा घेऊन जाय गे मारबत’ ओरडत मोठे पुतळे मिरवतात ती? नसेल तर यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन इतवारी-जागनाथ बुधवारीकडे जा, काळी मारबत, पिवळी मारबत, आणि बडगे, म्हणजे टोमणे मारणारे पुतळे, ज्यांच्यावर महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांची सालं काढलेली असतात. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ हे गाव वर्षातून एक दिवस मिरवणूक काढून खरं ओरडून राहिलं. शूटिंग तिथे नका करू, गर्दीत लेकरं हरवतील, आणि तोवर तुमचा सिनेमा पण झालेला पाहिजे, तर जुने व्हिडिओ दाखवा, गर्दी कशी हलते ते बघू द्या. कॉलनीच्या रस्त्यावर चाळीस माणसं आणि दोन ढोल पुरतात, कॅमेरा खाली ठेवला की चाळीसचे चारशे दिसतात.

पोराचं वाक्य झालं की ढोल बंद. एकदम नाही, एक ढोलवाला थांबतो, दुसऱ्याला कळायला दोन ठोके जास्त लागतात. मग त्याचा बाप घाबरून त्याच्या तोंडावर हात ठेवतो, मग शेजारीण शेजारणीला सांगते, कुजबुज, मग ती झाडूवाली विणकर बाई पहिल्यांदा मोठ्याने हसते, आणि मग गर्दी, ‘लबाडी घेऊन जाय गे मारबत!’, सुरात नाही, ओरडून, बेसूर. हे वाक्य म्हणणारं पोरगं कॉलनीतलं सगळ्यात गोड गाणारं नको, ज्याला गाण्यातून तुम्ही ‘बाळा तू फक्त ओठ हलव’ म्हणून मागे उभं केलं ना, तो. आणि त्याचं वाक्य डब करू नका, जागेवर, पहिल्या टेकला, कसंही आलं तरी तेच ठेवा.

अँडरसनने हस्तलिखितात हे पोरगं ठेवलंच नव्हतं, राजा खुशीत मिरवून घरी जातो आणि संपलं, छापायला दिल्यावर त्याने शेवट बदलला. पण त्यानंतरही त्याने राजाला पळवलं नाही हे विसरू नका. राजाला कळते की लोक खरं बोलताहेत, तरी तो म्हणतो आता मिरवणूक पूर्ण करावीच लागेल, आणि ताठ चालत राहतो, मागे सेवक नसलेला पदर अजून ऐटीत धरून. बरेच जण इथे राजाला शहाणा करतात, माफी मागायला लावतात, शेवटी सगळे मिळून नाचतात. तुमच्या ग्रुपमध्ये पण कुणीतरी म्हणेलच. ऐकू नका. राजा तोंड उघडतो, पेटीवर सा वाजतो, सगळे थांबतात आता गाईल म्हणून, आणि त्याला सूरच सापडत नाही. तोंड मिटतो आणि चालायला लागतो. कॅमेरा तिथेच उभा ठेवा, तो लांब लांब जातो, नाडा हलत राहतो.

त्या नाड्याला आतून दोन सेफ्टी पिना लावून ठेवा. आमच्या राजाने नव्हत्या लावल्या.